विश्लेषण : पाढे पाठ, तरी बीजगणितात अडखळ का?

सहावीपर्यंत बेरीज-गुणाकार बिनचूक करणारी अनेक मुले आठवी-नववीत बीजगणिताशी अडखळतात. दोष मुलांच्या बुद्धीचा की शिकवण्याच्या पद्धतीचा? नेमक्या कोणत्या कल्पना निसटतात आणि त्या पक्क्या कशा करता येतील?

(पाठ्यपुस्तकात चलांसाठी एक्स, वाय ही रोमन अक्षरे असतात. या लेखात त्यांच्या जागी क्ष, य, अ, ब, न ही अक्षरे घेतली आहेत.)

दहावीत बीजगणिताचे वजन किती?

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत गणिताचे दोन भाग असतात. भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती. प्रत्येकाची लेखी परीक्षा ४० गुणांची, तर अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे. बीजगणिताच्या पुस्तकात सहा प्रकरणे आहेत : दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणित श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी.

मात्र बीजगणिताचे वजन या ४० गुणांपुरते नाही. भौतिकशास्त्रातील गतीची समीकरणे, रसायनशास्त्रातील समीकरणांचा समतोल, अकरावीचे गणित, आयटीआयमधील कार्यशाळेची आकडेमोड, वाणिज्य शाखेतील व्याजाची सूत्रे यांपैकी प्रत्येक ठिकाणी अक्षरांत लिहिलेले सूत्र वाचता यावे लागते. तंत्रनिकेतनातील पदविकेचे प्रवेश दहावीच्या गुणांवर होतात. म्हणजे पंधराव्या वर्षी बीजगणितावर फुली मारणाऱ्या मुलासमोरची अनेक दारे त्याच वेळी बंद होतात. राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातील एका तरतुदीवर २०२४ मध्ये बरीच चर्चा झाली. गणित किंवा विज्ञानात ३५ पेक्षा कमी, पण किमान २० गुण असलेल्या विद्यार्थ्याला पुढे जाता यावे, मात्र त्या विषयांवर आधारित शिक्षण घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर असावा, अशी ती तरतूद होती. नापासाचा शिक्का टळेल हे खरे. पण मूल मुळात अडते कुठे, हा प्रश्न त्यानंतरही तसाच उरतो.

अंकगणित आणि बीजगणित यांत फरक काय?

भारतीय परंपरेत या दोन शाखांना ‘व्यक्त गणित’ आणि ‘अव्यक्त गणित’ अशी नावे होती. व्यक्त म्हणजे ज्यातील संख्या उघड आहेत ते. अव्यक्त म्हणजे ज्यात एखादी संख्या अजून ठाऊक नाही, तरीही तिच्यावर क्रिया करायच्या आहेत ते. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ११५० मधील ग्रंथ. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचे दोन भाग या दोन शाखांचे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद असलेला शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

अंकगणितात मूल ज्ञातापासून उत्तराकडे जाते. १७ आणि २५ दिले आहेत, त्यांची बेरीज करायची. बीजगणितात उलट चालावे लागते. उत्तर आधी ‘क्ष’ म्हणून कागदावर मांडायचे, ते ठाऊक असल्यासारखे वागवायचे आणि अटींवरून ते उलगडत आणायचे. शिवाय ओळखीच्या चिन्हांचे अर्थही इथे गुपचूप विस्तारतात. ‘=’, ‘−’ आणि अक्षर या तिन्हींचा नवा अर्थ मुलाला कोणी स्पष्टपणे सांगितला नाही, तर जुन्या अर्थावरच ते पुढचा डोलारा उभारते.

‘बरोबर’च्या चिन्हात घोळ कसा?

पहिलीपासून मुलाने ‘८ + ४ =’ असेच पाहिलेले असते. त्यामुळे ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ अशी आज्ञा, असा समज पक्का होतो. अमेरिकेत थॉमस कारपेंटर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात याचे बोलके उदाहरण आहे. सहावीच्या १४५ मुलांना ‘८ + ४ = ☐ + ५’ यातील चौकट भरायला सांगितली. सर्वांनी १२ किंवा १७ हे उत्तर दिले. बरोबर उत्तर ७ आहे. ज्यांनी १२ लिहिले त्यांनी चिन्हानंतर लगेच ‘उत्तर’ लिहिले. ज्यांनी १७ लिहिले त्यांनी दिसतील त्या सगळ्या संख्या मिळवल्या.

आपल्याकडच्या वह्यांतही ‘५ + ३ = ८ × २ = १६’ अशी साखळी सर्रास दिसते. शेवटचे उत्तर योग्य असल्याने बरोबरची खूणही मिळते. पण ५ + ३ आणि १६ समान नाहीत. ही सवय घेऊन मूल ‘३क्ष + ५ = क्ष + १३’ इथे पोहोचले की गोंधळते, कारण चिन्हाच्या उजवीकडे ‘उत्तर’च नसते.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये हे चिन्ह छापील पुस्तकात आणले, तेव्हा दोन समांतर रेषांइतके समान दुसरे काही असू शकत नाही, असा विचार त्यामागे होता. म्हणजे हे चिन्ह नाते सांगते, आज्ञा देत नाही. यावरचा उपाय प्राथमिक वर्गांतच करता येतो, त्याला खर्चही नाही. ‘१२ = ८ + ४’ असे उलटे लिहिणे, ‘७ + ६ = ८ + ५ हे खरे की खोटे?’ असे विचारणे आणि बाजारातील दोन पारड्यांचा तराजू समोर ठेवणे. दोन्ही पारड्यांतून सारखेच वजन काढले तर काटा हलत नाही, एवढी एक गोष्ट समजली की समीकरण सोडवण्याचा निम्मा भाग समजला. तराजूची मर्यादाही शिक्षकाला माहीत हवी : ऋण वजन पारड्यात ठेवता येत नाही. म्हणून सुरुवातीनंतर तराजू बाजूला ठेवून क्रियेच्या भाषेकडे यावे लागते.

अक्षर म्हणजे वस्तू की संख्या?

सजातीय पदांची बेरीज शिकवताना ‘३अ म्हणजे तीन आंबे, २ब म्हणजे दोन बोरे, आंबे आणि बोरे मिळवता येत नाहीत’ असे सांगण्याची पद्धत आहे. तात्पुरते काम भागते, पण पुढे हीच उपमा नडते. ‘अ’ म्हणजे आंबा असेल, तर ‘अ गुणिले ब’ म्हणजे आंबा गुणिले बोर, याला काय अर्थ? ‘अ’ ही वस्तू नाही, ती संख्या आहे. आंब्यांची संख्या असेल, एका आंब्याची किंमत असेल, वजन असेल, पण संख्याच.

ब्रिटिश संशोधक डिटमार क्युशेमन यांनी १९७० च्या दशकात शाळकरी मुलांच्या उत्तरांचा अभ्यास करून अक्षराकडे पाहण्याच्या सहा तऱ्हा नोंदवल्या. अक्षराला लगेच एखादी किंमत देणे, त्याकडे दुर्लक्ष करणे, ते वस्तू समजणे, विशिष्ट अज्ञात संख्या समजणे, अनेक किमती घेऊ शकणारी संख्या समजणे आणि बदलणारी राशी अर्थात चल समजणे. पहिल्या तीन तऱ्हांवर अडकलेले मूल सोपी उदाहरणे सोडवते, पण शाब्दिक उदाहरणात बुडते.

हा घोटाळा मोठ्या वयातही टिकतो. अमेरिकेत जॉन क्लेमेंट आणि सहकाऱ्यांनी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातील १५० विद्यार्थ्यांना एक वाक्य समीकरणात लिहायला सांगितले : या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. सुमारे ३७ टक्के विद्यार्थी चुकले आणि त्यांतील बहुतेकांची चूक एकच होती, समीकरण उलटे लिहिण्याची. मराठीत करून पाहा : ‘दर शिक्षकामागे ३० विद्यार्थी’. वि म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या आणि शि म्हणजे शिक्षकांची संख्या. वाक्याच्या ओघात हात ‘३०वि = शि’ असे लिहून जातो. आता दोन शिक्षक असल्याचे धरा. विद्यार्थी ६० हवेत. वरील समीकरणात ३० × ६० म्हणजे १८०० शिक्षक होतात! योग्य समीकरण वि = ३०शि. संख्या घालून पडताळण्याची ही सवय कोणत्याही नियमापेक्षा अधिक उपयोगी आहे.

म्हणूनच शाब्दिक उदाहरणात ‘क्ष = वही’ असे लिहिणे थांबवले पाहिजे. तीन वह्या आणि दोन पेनांची किंमत ११० रुपये, दोन वह्या आणि तीन पेनांची ९० रुपये, असे उदाहरण घ्या. पहिली ओळ ‘एका वहीची किंमत क्ष रुपये आणि एका पेनाची किंमत य रुपये मानू’ अशीच हवी. मग दोन्ही समीकरणांची बेरीज केली तर पाच वह्या आणि पाच पेन २०० रुपयांचे, म्हणजे एक वही आणि एक पेन मिळून ४० रुपये. वजाबाकी केली तर वही पेनापेक्षा २० रुपयांनी महाग. वही ३०, पेन १०. इथे प्रत्येक पायरीला दुकानातला अर्थ आहे.

‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ यात चूक काय?

नियम चुकीचा नाही, पण तो निष्कर्ष आहे, कारण नाही. ‘क्ष + ५ = १२’ मध्ये दोन्ही बाजूंतून ५ वजा केले, म्हणून डावीकडचे ५ नाहीसे झाले आणि उजवीकडे −५ दिसले. संख्येने उडी मारली नाही आणि चिन्हही कोणी बदलले नाही.

कारण न कळता नियम पाठ झाला की तो भलत्या ठिकाणी लागू होतो. ‘३क्ष = १२’ या समीकरणात ३ पलीकडे नेऊन ‘क्ष = १२ − ३ = ९’ असे लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात सापडतात. ३ इथे मिळवलेला नाही, गुणलेला आहे; म्हणून दोन्ही बाजूंना ३ ने भागायचे आणि क्ष = ४ मिळवायचे. ९ हे उत्तर मूळ समीकरणात घालून पाहिले असते, तर ३ × ९ = २७ हे १२ नाहीत, हे पाच सेकंदांत कळले असते. निदान पहिले काही महिने ‘दोन्ही बाजूंतून ५ वजा करू’ अशी पूर्ण ओळ लिहायला लावावी. मुलाला कंटाळा येऊन ते स्वतः ती ओळ गाळू लागेल, तेव्हा पक्षांतराचा नियम त्याचा स्वतःचा झालेला असेल.

ऋण चिन्ह आणि कंस इतके का छळतात?

‘−३(क्ष − २)’ याचा विस्तार ‘−३क्ष − ६’ असा लिहिला जातो. योग्य उत्तर −३क्ष + ६. इथे ‘ऋण गुणिले ऋण धन’ हे घोषवाक्य मुलाला पाठ असते, पण ते पटलेले नसते. पटवण्यासाठी एक छोटी यादी पुरते : −३ × २ = −६, −३ × १ = −३, −३ × ० = ०. दर पायरीला उत्तर ३ ने वाढत आहे. मग −३ × (−१) काय असेल? हीच रीत पुढे चालू ठेवायची तर ३. ब्रह्मगुप्तांनी इसवी सन ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ ग्रंथात धन, ऋण आणि शून्य यांच्यावरील क्रियांचे नियम दिले. ऋण म्हणजे कर्ज, हा शब्दार्थ मराठी मुलाला आयता मिळतो. कर्ज कमी झाले की स्थिती सुधारते, हे समजायला वेगळे उदाहरण लागत नाही.

दुसरी हमखास चूक म्हणजे (अ + ब) चा वर्ग बरोबर ‘अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग’. अ = ३, ब = ४ घ्या. ७ चा वर्ग ४९, तर ९ + १६ = २५. फरक २४ चा, म्हणजे नेमका २अब इतका. तो येतो कुठून, हे चित्रात दिसते. बाजू अ + ब असलेला चौरस काढून प्रत्येक बाजूवर अ आणि ब असे भाग पाडले, तर आत चार तुकडे होतात : एक अ बाजूचा चौरस, एक ब बाजूचा चौरस आणि अ लांबीच्या व ब रुंदीच्या दोन आयताकृती पट्ट्या. त्या दोन पट्ट्या विसरल्या जातात. कागद कापून एकदा हे केले की सूत्र सहसा विसरत नाही. मग १०३ चा वर्ग तोंडी काढता येतो : १०,००० + ६०० + ९ = १०,६०९.

अक्षरे आली कुठून, हे मुलांना का सांगावे?

कारण अक्षर हे आकाशातून पडलेले चिन्ह नाही, ती माणसांनी काढलेली सोय आहे, हे कळल्यावर भीती कमी होते. भास्कराचार्य पहिल्या अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितके असेल तितके’, असे म्हणत आणि ‘या’ एवढेच लिहीत. दुसऱ्या, तिसऱ्या अज्ञातांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे. लिहिताना का, नी, पी. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी यांच्या ग्रंथाच्या नावातील ‘अल्-जब्र’ या शब्दावरून ‘अल्जिब्रा’ हे नाव रूढ झाले; त्या ग्रंथात मात्र समीकरणे शब्दांतच मांडली आहेत. फ्रान्समध्ये व्हिएत यांनी १५९१ मध्ये ज्ञात आणि अज्ञात अशा दोन्ही राशींसाठी अक्षरे वापरली, तर देकार्त यांनी १६३७ मध्ये वर्णमालेतील शेवटची अक्षरे अज्ञातांसाठी घेतली. आजचा ‘एक्स’ तिथला. जी खूण रुळायला माणसाला इतकी शतके लागली, ती मुलाने आठवड्यात आत्मसात करावी, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

शिकवण्यात काय बदलता येईल?

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी सहावीच्या मुलांसोबत केलेले काम या दृष्टीने महत्त्वाचे आहे. अक्षरे येण्यापूर्वी अंकगणिताच्याच राशीकडे ‘पदां’च्या नजरेने पाहायला शिकवावे, हा त्याचा गाभा. ‘१९ − ३ + ६’ ही राशी अनेक मुले १९ − ९ = १० अशी सोडवतात, कारण वजा चिन्ह ३ ला चिकटलेले आहे हे त्यांना दिसत नाही. +१९, −३, +६ अशी तीन पदे चौकटीत मांडली की क्रम बदलला तरी उत्तर २२ च राहते, हे कळते. ‘२७ + ३९ आणि २८ + ३८ समान आहेत का? बेरीज न करता सांगा’ असा प्रश्न याच वाटेवरचा. एक संख्या १ ने वाढली, दुसरी १ ने घटली, म्हणून समान. मुलाने इथे बीजगणितच केले, फक्त अक्षर वापरले नाही.

दुसरी वाट आकृतिबंधांची. काडेपेटीतील काड्यांनी एका ओळीत एकमेकांना चिकटलेले चौकोन करा. एकाला ४ काड्या, दोनांना ७, तिनांना १०. न चौकोनांना किती? एक मूल म्हणेल, पहिल्याला ४ आणि पुढच्या प्रत्येकाला ३ : ४ + ३(न − १). दुसरे म्हणेल, वर न, खाली न आणि उभ्या न + १. तिसरे म्हणेल, सुरुवातीची एक काडी आणि मग प्रत्येकाला ३ : ३न + १. तिघेही बरोबर. तिन्ही राशी सोप्या केल्या की एकच निघते. राशी ‘सोपी रूप द्या’ असे पुस्तक का सांगते, याचे उत्तर इथे मिळते. दहावीची अंकगणित श्रेढीही हीच.

तिसरी वाट बदलत्या राशीची. १००० लिटरच्या टाकीत २५० लिटर पाणी आहे आणि दर मिनिटाला १५ लिटर भरते आहे. क्ष मिनिटांनंतरचे पाणी य = १५क्ष + २५०. याचा तक्ता करा, आलेख काढा, वाक्यात सांगा, समीकरण मांडा. टाकी ५० मिनिटांत भरेल हे चारही ठिकाणी दिसले पाहिजे. आलेखावरची रेषा आणि समीकरण ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, हे कळल्याशिवाय दोन चलांतील समीकरणांचा छेदनबिंदू म्हणजे उकल का, हे कळत नाही.

‘पोर्शन’ संपवायचा की संकल्पना?

शिक्षकांची अडचण खरी आहे. वर्गात मुले जास्त, तासिका मोजक्या, त्यात शाळाबाह्य कामे आणि समोर बोर्डाची परीक्षा. अशा वेळी ठरावीक पायऱ्या घोटून घेणे हाच व्यवहार्य मार्ग वाटतो, आणि सराव नकोच असे कोणी म्हणू नये. संकल्पना कळूनही हात बसला नाही, तर परीक्षेत वेळ पुरत नाही. मात्र पाया कच्चा ठेवून वाचवलेला वेळ नववी-दहावीत त्याच चुका पुन्हापुन्हा दुरुस्त करण्यात जातो. त्यामुळे हा खर्च सातवी-आठवीत करणे स्वस्त पडते. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुणही वही पूर्ण केल्याबद्दल देण्याऐवजी ‘या सोडवलेल्या उदाहरणातील चूक शोधा आणि कारण लिहा’ अशा कामासाठी वापरता येतील.

पालकांना बीजगणित येत नसेल तर?

तरीही मदत करता येते. मूल उदाहरण सोडवत असताना तीन प्रश्न विचारायचे. क्ष म्हणजे नेमकी कोणती संख्या मानलीस? ही पायरी का चालते? उत्तर मूळ उदाहरणात घालून पाहिलेस का? पहिल्याचे उत्तर ‘क्ष म्हणजे पेन’ असे आले, तर गोंधळ कुठे आहे ते समजले. दुसऱ्याचे उत्तर ‘बाईंनी सांगितले म्हणून’ असे आले, तर ती पायरी शाळेत पुन्हा विचारायला सांगावे. तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. उत्तरसूची किंवा मोबाइलवरचे अॅप बरोबर-चूक सांगते, पण समीकरणाचे उत्तर तपासण्याचे साधन समीकरणातच असते.

घरच्या गप्पांत एक खेळही करता येतो. मनात एक संख्या धरा, तिची दुप्पट करा, १० मिळवा, निम्मे करा, मूळ संख्या वजा करा. उत्तर कायम ५. ‘दरवेळी ५ च का?’ असे मुलाला विचारा आणि थांबा. त्याने कागद घेऊन ‘समजा संख्या क्ष’ असे लिहिले, तर बीजगणित कशासाठी असते हे त्याला कळले आहे.